पदर घेतलेली जीप

इंजिनात काय बिघडलंय हे मला गाडी समोर येऊन थांबायच्या आत कळतं. ही फुशारकी नाही, सवय आहे. वरवे बुद्रुकला हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. चेलाडी फाट्याकडून एखादी जीप यायला लागली की हातातला चहा सावकाश संपवायचा की तसाच खाली ठेवायचा, हे मी नुसत्या आवाजावरून ठरवायचो. आयटीआयचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, पण विद्या घरची होती. भोरला अब्बांचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि नव्वदीच्या दशकात, मी विशीत असताना, तिथंच माझे हात पहिल्यांदा काळे झाले.

त्या वेळचं डिझेल इंजिन म्हणजे सगळा उघडा मामला. इंजिनाला डिझेल मोजून देणारा एक पंप असायचा आणि त्या पंपावर एक स्क्रू. स्क्रू आत पिळला की डिझेल जास्त, ताकद जास्त, धूरही जास्त. ताकद कुणाला नको असते? म्हणून कंपनी त्या स्क्रूला बारीक तार ओवून शिशाचं सील ठोकायची. सील तुटलेलं दिसलं की वॉरंटी संपली.

अब्बा ते सील तोडायचे, पण त्यांची तोडायची एक रीत होती. आधी मालकाला समोर बाकड्यावर बसवायचे आणि सांगायचे, "कंपनीचं सील तुटनार. त्येच्या जागी माजं बसनार. कुनी इचारलं तर माज्याकडं पाठवायचं." मालकानं मान हलवली तरच पाना उचलायचे. काम झालं की नवी तार, नवं शिसं, आणि त्यावर आपली पक्कड दाबायचे. भोरच्याच एका सोनारानं त्या पक्कडीच्या जबड्यात त्यांची निशाणी कोरून दिली होती. एक ठिपका आणि त्याच्याखाली आडवी रेघ. वरंधा घाट उतरून महाडला जा नाहीतर इकडं शिरवळला, पंप उघडणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीनं तो ठिपका बघितला की त्याला कळायचं, हा हात भोरचा.

एकदा वेल्ह्याकडचा एक ट्रॅक्टरवाला आला. ट्रॅक्टर नवा, वॉरंटीतला. त्याला स्क्रू पिळून हवा होता, पण वर सील मात्र कंपनीसारखंच दिसायला पाहिजे होतं. अब्बांनी त्याला चहा पाजला, अगदी पुरा पिऊ दिला आणि मग म्हणाले, "माजा शिक्का नको आसंल तर माजा हातबी नको." तो गेला. मला अब्बांचा असा राग आला म्हणता. गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालून आलेलं, आणि हे त्याला पायरी उतरवून देतात. माझं दुकान झालं की बघू, असं मी मनाशी म्हणालो.

माझं दुकान झालं तोवर तो स्क्रूच गेला. दोन हजार सालानंतर नव्या जीपगाड्या आल्या आणि बॉनेटखाली एक चपटा डबा आला. किती डिझेल, केव्हा, कुठल्या दाबानं, हे सगळं त्या डब्यातलं सॉफ्टवेअर ठरवायचं. अब्बांनी एकदा एका नव्या जीपचं बॉनेट उघडून बघितलं. दोन मिनिटं उभे राहिले. "हितं हात कुठं घालायचा?" एवढंच म्हणाले आणि बॉनेट लावून टाकलं. त्यानंतर ते दुकानात बसत, पण जुन्याच पंपांना हात लावत.

मी काही बॉनेट लावून घेणाऱ्यातला नव्हतो. पुण्यात एक जण हौशी लोकांच्या गाड्यांची सॉफ्टवेअर बदलून द्यायचा. त्याच्याकडे मी आठ-दहा रविवार जाऊन बसलो. डब्यातली फाईल लॅपटॉपवर कशी काढायची, कुठले आकडे डिझेलचे, कुठले दाबाचे, सगळं शिकलो. एक जुना लॅपटॉप घेतला, केबल घेतली. शेवटच्या रविवारी त्यानं मला गुरुमंत्र दिला. "मूळ फाईल आधी जपून ठेवायची. गाडी कंपनीत सर्व्हिसिंगला जायच्या आधी ती परत भरायची. कुणाच्या बापाला कळणार नाही."

हे ऐकून मी येताना कात्रजच्या बोगद्यात मोटरसायकलवर मोठ्यानं गाणं म्हणालो होतो. ना तार, ना शिसं, ना शिक्का. अब्बांनी आयुष्यभर जी गिऱ्हाइकं घालवली ती सगळी आता माझी होती.

पहिले आले ते मार्गासनीचे अण्णा. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. घरची भातशेती होती, आणि चेलाडी फाटा ते वेल्हे अशी त्यांची जीप चालायची. कुणी भाड्यानं बोलावलं तर वर केळदपर्यंतही जायचे. त्यांच्या जुन्या जीपच्या पंपावर अब्बांचं सील होतं, म्हणजे आमची ओळख दोन पिढ्यांची. आता नवी घेतली होती. वॉरंटी दोन वर्षांची, त्यातले चार महिने झाले होते.

"मिस्तरी," अण्णा म्हणाले, "नवरी दिसाया लई देखनी हाय. पर केळदची खिंड आली की मटकन खाली बसती."

बसणारच. कंपनीनं गाडी नऊ जणांसाठी केली होती आणि अण्णा चौदा बसवायचे, वर टपावर गाठोडी. मी लॅपटॉप बॉनेटवर ठेवला. अण्णा हात मागं बांधून बघत होते. मी त्यांना अब्बांसारखं बाकड्यावर बसवलं नाही आणि आधी काही सांगितलं नाही. उलट म्हणालो, "अण्णा, हे असं काम हाय की आपल्या दोघांत ऱ्हातंय. कंपनीला काई दिसनार न्हाई."

"कुनालाच सांगायचं न्हाई?"

"कुनालाच न्हाई."

"बरं," अण्णा म्हणाले. हा माणूस 'बरं' म्हणाला की विषय संपला, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं.

आता माझी चूक सांगतो. तेव्हा मला ती चूक वाटलीच नव्हती. पंपाच्या स्क्रूला अब्बांनी मला एक नियम शिकवला होता. धूर दिसेपर्यंत पिळायचा आणि मग पाव फेरा मागं घ्यायचा. धूर म्हणजे इंजिनाची जीभ, ते बस म्हणतंय हे त्यावरून कळतं. मी लॅपटॉपवरही तेच केलं. थोडं डिझेल वाढवायचं, हायवेवर एक फेरी मारायची, मागं वळून धूर बघायचा. धूर नाही. आणखी थोडं. तरी धूर नाही. नव्या इंजिनात डिझेल इतकं बारीक फवारलं जातं की ते धूर सोडतच नाही, आतल्या आत तापत राहतं. हे पुण्याच्या गुरूनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण धुराच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं असं मला वाटतच नव्हतं. शहरातले हौशी लोक आकडे बघून थांबायचे. मी मागं वळून बघत बसलो.

पण गाडी पळाली, हे खरं. अण्णांनी चौदा जणांना घेऊन केळदची खिंड तिसऱ्या गिअरवर चढवली आणि वरून मला फोन केला. "मिस्तरी, खिंडच वाहून गेली का काय? कळलीच न्हाई." तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक होता आणि आजही मी तो नाकारत नाही.

वर्षभरात आणखी पाच जीपवाले आले. सगळे वॉरंटीतले. सर्व्हिसिंगची तारीख आली की आदल्या दिवशी ते वरव्याला यायचे, मी मूळ फाईल भरायचो, गाडी कंपनीत जाऊन यायची आणि मग मी माझी फाईल परत चढवायचो. अण्णांनी या प्रकाराला नाव दिलं 'पदर'. सून एरवी शेतात पदर खोचून चार माणसांचं काम करते, पण सासऱ्यासमोर जाताना डोक्यावर पदर घेते, तसंच हे. त्यांच्या तोंडून ते नाव पसरलं. जीप शेडखाली लागायची आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "मिस्तरी, उद्या कंपनीत जायाचंय. पदर घ्यायचाय."

मी चहा पुरा संपवून उठायचो.

मे महिना आला. लग्नसराईचे दिवस. वेल्ह्यावरून केळदला एक वऱ्हाड घेऊन अण्णा निघाले होते. भर दुपार, चौदाचे सोळा झालेले. खिंडीच्या अलीकडं इंजिनात ठोके पडायला लागले, पांढरा धूर निघाला आणि जीप उभी राहिली. अण्णांचा फोन आला तेव्हा मागून वऱ्हाडातल्या बायकांचा गलका ऐकू येत होता. मी मोटरसायकलला किक मारली. पाठीला लॅपटॉपची बॅग होती.

तिथं पोचल्यावर मी आधी काय केलं? मिस्त्री असतो तो आधी बॉनेट उघडतो, हात लावून इंजिन किती तापलंय बघतो, तेल बघतो. मी त्यातलं काही केलं नाही. मी केबल जोडली आणि पदर घातला. वऱ्हाडी कडेला करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसून माझ्याकडं बघत होते आणि मी मेलेल्या इंजिनाच्या डब्यात मूळ फाईल भरत होतो. आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते. तेव्हा वाटली ती हुशारी.

जीप ओढून पुण्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तीन दिवसांनी बोलावणं आलं. अण्णा आणि मी दोघंही गेलो. तिथले इंजिनिअर तरुण होते, बोलायला सभ्य. त्यांनी टेबलावर दोन पिस्टन ठेवले. दोन्हींची डोकी वितळून गेली होती.

"सॉफ्टवेअर आम्ही बघितलं, ओरिजिनल आहे," ते म्हणाले. मी आतल्या आत सुटलो. "म्हणजे कारण इंधनाचं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलंय."

"न्हाई साहेब," अण्णा म्हणाले.

इंजिनिअरनी टेबलाखालून एक वस्तू काढून पिस्टनशेजारी ठेवली. पत्र्याचं लिटरचं माप, नळीवालं. त्याला घासलेटचा वास येत होता. "हे तुमच्या मागच्या सीटखाली मिळालं."

माप अण्णांच्या बायकोचं होतं. वहिनी गावातल्या बायकांच्या बचत गटाच्या प्रमुख होत्या आणि मार्गासनीचं रेशनचं दुकान त्या गटाकडं होतं. महिन्याचं निळं घासलेट त्याच मापानं वाटलं जायचं. मापावर दरसाल वजनमापवाल्यांचा शिक्का मारून घ्यावा लागतो, म्हणून वहिनींनी ते जीपमध्ये ठेवून दिलं होतं. भोरला जाणं झालं की शिक्का मारून आणायचा. अण्णांचं भोरला जाणं लग्नसराईमुळं राहून गेलं होतं.

अण्णांनी मापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पिस्टनकडं बघत होतो. मला बोलता आलं असतं. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात, तसं काही झालं नव्हतं. वॉरंटी तर गेलीच, आता बोलून माझं नाव कशाला खराब करायचं, असा मी सरळ हिशेब केला. अण्णाही बोलले नाहीत. त्यांनी मला 'बरं' म्हटलेलं होतं ना! इंजिनिअरनी कागदावर लिहिलं, इंधनात रॉकेलची भेसळ, आणि माप पुरावा म्हणून ठेवून घेतलं.

मी विसरलो होतो की कागद पुण्यात राहतो पण बोलणं जीपनं प्रवास करतं. त्याच वर्कशॉपात फाट्यावरच्या दुसऱ्या जीपवाल्याची गाडी लागलेली होती. मी संध्याकाळी वरव्याला पोचायच्या आत मार्गासनीला बातमी पोचली होती. रेशनच्या घासलेटवर अण्णांची जीप पळते, म्हणून तर खिंड तिसऱ्यावर चढायची. माझी सगळ्यात अभिमानाची खिंड, तीच आता वहिनींच्या चोरीचा पुरावा झाली.

तीन आठवड्यांनी घासलेट वाटपाच्या दिवशी मी मार्गासनीला गेलो. जीप पुण्याच्या वर्कशॉपमध्येच ठेवून फक्त इंजिन खोलून आणलं होतं, त्याबद्दल अण्णांशी बोलायचं होतं. दुकानासमोर बायकांची रांग होती. वहिनींनी दुसरं, जुनं माप काढलं होतं. त्या ते फळीवर ठेवत, काठोकाठ भरत, आणि प्रत्येक बाई पुढं होऊन, वाकून, कड बघून मगच डबा पुढं करायची. दहा वर्षं ज्या बायका एकमेकींना कुंकू लावत होत्या त्या वाकून कड बघत होत्या. एकीनं हळूच सांगितलं, तहसीलमध्ये अर्ज द्यायचाय, सह्या चालल्यात, सोमवारी वेल्ह्याला जायचंय. दुकान काढून दुसऱ्याला द्या म्हणून.

वहिनींनी मला बघितलं आणि हातातलं माप थांबलं.

"भावजी, तुमी इंजिनातलं जानता. हितं समद्यांम्होरं सांगा. घासलेटानं आसं व्हतं का?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. अण्णांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. अण्णा ओट्यावर बसले होते आणि विळ्याची मूठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होते. विळ्याची मूठ घट्टच होती.

"तसं... सांगता येत न्हाई," मी म्हणालो. इंजिनाचा आवाज ऐकून चहाचं ठरवणारा मी, आणि मला सांगता येत नव्हतं.

मी सरळ भोरला गेलो. पिशवीत दोन पिस्टन होते. अब्बा दुपारची नमाज पढून नुकतेच दुकानात येऊन बसले होते. त्यांच्यासमोर पिस्टन ठेवले. त्यांनी चष्मा लावला, वितळलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"म्हनतात घासलेट व्हतं," मी म्हणालो.

"पंप कसाय?"

"चांगलाय."

"मंग घासलेट न्हवं. घासलेट पडलं आसतं तर आदी पंप घासला आसता. त्येला तेलकटपना लागतो." त्यांनी पिस्टन खाली ठेवला. "ह्यो कुनाचा हात?"

"माझा."

अब्बांनी चष्मा काढला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं.

"सील कुठंय?" त्यांनी विचारलं.

अब्बाच पुढं बोलले. "सील म्या नावासाठी मारत न्हवतो. पंप गेला तर लोकांनी ड्रायव्हरला धरू न्हाई, डिझेलवाल्याला धरू न्हाई. सरळ माज्या दारात यावं." मग त्यांनी पिस्टन परत माझ्या पिशवीत घातले आणि जुना पंप पुढं ओढून कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या वर्कशॉपच्या दारात शटर वर जायची वाट बघत उभा होतो. इंजिनिअरसमोर लॅपटॉप उघडला. "ही तुमची फाईल, ही माझी. ज्या दिवशी गाडी बंद पडली त्या दिवशी दुपारी मी तुमची परत भरली."

त्यांनी दोन्ही फाईलींतले आकडे शेजारी लावून बघितले. मग त्यांनी आमच्या जीपचा डबा मागवून घेतला, त्यांच्या मशीनला जोडला आणि आतलं एक पान उघडलं. ते पान त्यांनीही आधी बघितलं नव्हतं. डब्यात किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद तिथं आपोआप होत होती. कंपनीनं दोनदा लिहिलं होतं. तिथं आठदा लिहिल्याचं दिसत होतं. पुण्याच्या गुरूचा मंत्र तिथंच खोटा पडला. खूण राहिलीच होती, फक्त तिच्यावर माझं नाव नव्हतं.

"वॉरंटी तरीही मिळणार नाही," इंजिनिअर म्हणाले.

"माहीत आहे. कारण बदला."

"कारण बदललं तर तुमचं नाव लिहावं लागेल. ते आमच्या सगळ्या वर्कशॉपना जाईल. तुमच्याकडून आलेली प्रत्येक गाडी ते तपासतील."

"लिहा. आणि मराठीत लिहा. मार्गासनीला इंग्रजी वाचून दाखवली तर लोक म्हणतील आणखी काहीतरी लपवताहेत."

त्यांना त्याचं हसू आलं. मग छापील इंग्रजी पत्राखाली त्यांनी स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलं, गोल शिक्का मारला आणि वहिनींचं माप कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

परत येताना मी बाकीच्या पाचही जीपवाल्यांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. पाचही गाड्यांत मूळ फाईल कायमची भरून टाकली. एक जण मला हरिश्चंद्राचा अवतार म्हणाला आणि गेला, तो पुन्हा माझ्याकडं आला नाही. पदराचा धंदा त्या दिवशी बंद झाला.

रविवारी मार्गासनीत मी रेशन दुकानाच्या ओट्यावर उभा राहिलो. उद्या अर्ज वेल्ह्याला जाणार होता, म्हणून मी वहिनींकडून सगळ्या बायकांना निरोप धाडला होता. पत्र मोठ्यानं वाचलं. मग पिस्टन दाखवले, पंप दाखवला. घासलेटानं काय होतं आणि माझ्या हातानं काय झालं, हे सगळं माझ्या बाजूनं जरासुद्धा न वळवता सांगितलं. सांगता मला चांगलं येतं. सॉफ्टवेअर म्हणजे काय हे त्या बायकांना मी जसं समजावलं तसं पुण्याच्या गुरूलाही जमलं नसतं. एक म्हातारी शेवटी म्हणाली, "म्हंजी स्वैपाकाला मीठ ह्येनं घातलं आन् मार सुनंनं खाल्ला." मी म्हणालो, "व्हय आजी."

बायका गेल्या. अर्जाचा कागद कुणाच्या पिशवीत होता ते मला कळलं नाही, पण तो वेल्ह्याला गेला नाही. ओट्यावर आम्ही तिघंच उरलो. वहिनी अण्णांकडं वळल्या.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

अण्णांनी खाली मान घातली. "मिस्तरीला शब्द दिला व्हता."

"आन् मला काय दिलं व्हतं?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं. "धा वर्सं म्या माप भरती. तीन आठवडं बाया माज्या हाताकडं बघत व्हत्या. माज्या डोळ्याकडं कुनी बघत न्हवतं."

मी माफी मागितली. कुणाची माफी मागायची मला सवय नाही, म्हणून ती वेडीवाकडीच झाली असेल, पण मनापासून होती. वहिनींनी ती घेतली की नाही ते कळू दिलं नाही. त्यांनी कागदातलं माप सोडवलं, आत बघितलं, बाहेरून फिरवून बघितलं.

"शिक्का ऱ्हायलाच," म्हणाल्या. "तुमी भोरला जाताय न्हवं? आनून द्या."

मी ते पिशवीत घालायला लागलो तशा म्हणाल्या, "पिशवीत नको. दिसू द्या." म्हणून ते माप मोटरसायकलच्या हँडलला बांधून मी मार्गासनीच्या चावडीवरून, फाट्यावरच्या जीपच्या रांगेसमोरून, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत भोरपर्यंत नेलं.

इंजिन मी माझ्या शेडमध्ये माझ्या खर्चानं बांधलं. नवे पिस्टन, नवे नोझल, डब्यात कंपनीची फाईल, आणि त्यात माझा एकही आकडा नाही. तसं इंजिन मी आधी कधी बांधलं नव्हतं. आणि सांगतो, ते आजवर माझ्या हातून झालेलं सगळ्यात चोख काम आहे. त्याचा आवाज ऐकायला अब्बा मुद्दाम भोरहून एसटीनं वरव्याला आले. स्क्रू ड्रायव्हरची दांडी कानाला लावून चारही सिलिंडर ऐकले आणि म्हणाले, "बरं लागलंय." एवढी स्तुती त्यांनी मला त्याआधी दोनदाच केली असेल.

मी त्यांची पक्कड मागितली. त्यांनी दिली नाही.

"माजा शिक्का तुज्या कामाला कशाला?" म्हणाले आणि खिशातून फडक्यात बांधलेली दुसरी, नवी पक्कड काढली. जुन्या सोनाराच्या मुलाकडून त्यांनी ती कोरून आणली होती. ठिपका तोच होता, खाली रेघा दोन होत्या. मी त्या चपट्या डब्याच्या दोन बोल्टांतून तार ओवली, शिसं बसवलं आणि पक्कड दाबली.

जीप आणि माप मी एकाच दिवशी मार्गासनीला नेऊन दिलं. वहिनींनी आधी मापावरचा वजनमापवाल्यांचा शिक्का बघितला. मग अण्णांना बॉनेट उघडायला सांगितलं. त्यांनी याआधी कधी ते उघडायला लावलं नसावं, कारण अण्णा चमकले. वहिनी वाकल्या, काळ्या डब्यावरचं ते करडं शिसं त्यांना दिसलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ह्यो शिक्का कुनाचा?"

"माझा," मी म्हणालो.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडं बघितलं.

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, आणि माप घेऊन दुकानात गेल्या.